किनाऱ्यावरच्या शाळेची आखणी : एक प्रस्तावना

प्राच्यविद्येचे थोर अभ्यासक रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ सालचा, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून होते. पुढे कुटुंब रत्नागिरीला गेले, तिथल्या सरकारी इंग्रजी शाळेत रामकृष्णाचे नाव घातले गेले, आणि तिथून मुंबईच्या एल्फिन्स्टनची वाट खुली झाली. त्यांच्याआधी पाव शतक देवगडजवळच्या पोंभुर्ल्यात जन्मलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनाही शिकण्यासाठी मुंबईच गाठावी लागली. या दोघांचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण त्याच वर्षांत, त्याच आळीत जन्मलेल्या आणि ज्यांच्या घरच्यांना गाव सोडता आले नाही अशा मुलांची नोंद कुठेच नाही. शाळा कुठे आहे आणि कशी आहे, यावर एका आयुष्याचे किती काही ठरते, हे सिंधुदुर्ग जिल्ह्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

म्हणूनच विसाव्या शतकात इथल्या गावांनी शाळा उभारण्याचे काम मोठ्या जिद्दीने अंगावर घेतले. मुंबईत गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गण्या काढल्या, गावातल्या कुणी जमीन दिली, कुणी फणसाचे झाड दिले, बाकीच्यांनी चिरे वाहिले. आधी देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या पडवीत आठवीचा वर्ग भरायचा. मग दरवर्षी एकेक वर्ग वाढवत शाळा शालांत परीक्षेपर्यंत न्यायची. या संस्थांपैकी अनेकांच्या नावापुढे आजही ‘मुंबई’ लिहिलेले असते, कारण त्यांची समिती परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत जन्मली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून परीक्षा घेऊ लागले आणि दहावीच्या निकालात ते सातत्याने राज्यात पहिले राहिले, त्यामागे ही दोन-तीन पिढ्यांची पुण्याई आहे.

अशा प्रदेशात नवी शाळा आखायची म्हणजे काय करायचे, हा या लेखनाचा विषय. मराठीत शिकवावे कसे याविषयी उत्तम लेखन झाले आहे. शाळा आखावी कशी, म्हणजे जागा, इमारत, वेळापत्रक आणि उपक्रम यांचा एकत्र विचार कसा करावा, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. हा विषय वास्तुविशारदाचा, किंवा संस्थेच्या खजिनदाराचा, किंवा शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावरच्या प्रस्तावाचा, असे समजून बाकीचे बाजूला होतात. वाचकांनी तसे बाजूला होऊ नये, अशी आमची आरंभीच विनंती आहे. आपण पालक असाल, शिक्षक असाल, गावाच्या शाळेला वर्गणी देणारे चाकरमानी असाल, तरी या आखणीत आपल्याला सांगण्यासारखे आणि विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम, शाळेचा खर्च आणि कारभार कुणाचा असतो याविषयी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ‘चार्टर शाळा’ नावाचा एक प्रकार गेल्या तीन दशकांत वाढला. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये त्याचा पहिला कायदा केला आणि पुढच्या वर्षी पहिली शाळा उघडली. खर्च सरकारचा, कारभार शिक्षकांच्या किंवा नागरिकांच्या गटाचा, आणि ठरलेल्या सनदेप्रमाणे काम झाले नाही तर मान्यता रद्द, असे त्याचे स्वरूप. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी संस्थांच्या शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आणली, आणि आपल्याकडची अनुदानित शाळा ही त्याच झाडाची फांदी आहे. मालवणचे टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल यांसारखी नावे उच्चारली की ही परंपरा इथल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. आज नवी शाळा काढू पाहणाऱ्या संस्थेला मात्र बहुधा २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली अर्ज करावा लागतो. त्यात कारभाराची मोकळीक आहे, पण पगाराचा पैसा सरकारकडून येत नाही. सनद आपली, खर्चही आपलाच. या एका फरकामुळे आखणीचे सगळे गणित बदलते, म्हणून तो वाचकांनी पहिल्या पानापासून ध्यानात ठेवावा.

आणखी एक मूळ या विषयाला आहे, ते मात्र पुरते आपल्या मातीतले. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे याची यादी आहे : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य. आणि त्याच्याच जोडीला, शेतीचे धडे द्यायचे तर शाळेला लहानसे नमुना शेत असावे, अशी सूचना आहे. अभ्यासक्रमाचा विचार करता करता फुले थेट जागेच्या विचाराशी येतात. काय शिकवायचे ते ठरले की काय बांधायचे ते ठरते, आणि जे बांधले नाही ते बहुधा शिकवलेही जात नाही. आमचे सगळे म्हणणे या सूचनेत आधीच येऊन गेले आहे. किनारपट्टीवर त्याचा अर्थ काय होतो, एवढेच आम्ही पुढे उलगडत आहोत.

या विषयात शिरताना सुरुवात इमारतीच्या नकाशापासून करू नये. सुरुवात पटापासून करावी. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांपैकी हा एक. माणसे मुंबई, पुणे, गोवा इथे जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आज दोन शिक्षक आणि वीसपेक्षा कमी मुले आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा कोकणातल्या वाड्यावाड्यांतून जी अस्वस्थता उमटली ती रास्त होती. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर मानले आहे. पण इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. देवबाग कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर आहे, तळाशील तसेच गड नदी आणि समुद्राच्या मध्ये. पलीकडचा काठ डोळ्यांसमोर दिसतो, तिथवर जायला होडी लागते किंवा मोठा वळसा घ्यावा लागतो. आतल्या बाजूला व्हाळ, म्हणजे ओढे, आहेत, आणि व्हाळावरचा साकव जुलैत पाण्याखाली गेला की अर्ध्या किलोमीटरवरची शाळाही मुलांना दुरावते.

म्हणून आमचे मत आम्ही इथेच स्पष्ट करतो. शेजारच्या चालत्या शाळेचा पट ओढून जी नवी शाळा उभी राहणार असेल, ती उभारू नये. तेच श्रम आणि तोच पैसा त्या शेजारच्या शाळेत घालावा. नव्या शाळेला जागा आहे ती वेगळ्या ठिकाणी : जिथे आठवीनंतर मुलींचे शिक्षण अंतरामुळे थांबते तिथे, किंवा ज्यांना कुणी मोजतच नाही अशा मुलांसाठी. चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातून आलेली कानडी कुटुंबे राबतात. आंबा-काजूच्या बागांत नेपाळी कुटुंबे राखणीला असतात. मच्छीमार बोटींवर परप्रांतीय खलाशी असतात. गावाची मुले मोजताना ही मुले बहुतेक वेळा कुणाच्याच यादीत येत नाहीत, कारण त्यांचे घर हंगामाबरोबर हलते. ज्यांच्या हातांनी शाळेचे चिरे कापले जातात, त्यांची मुले त्या शाळेच्या पटावर असावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी-कोसबाड भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून हेच काम करून दाखवले. मुले अंगणात असतील तर अंगणात वाडी भरवायची, गुरांमागे असतील तर कुरणात शाळा न्यायची. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द त्या कामातला आहे. शाळेची जागा मुलाचा दिवस पाहून ठरवावी, हा त्यातला धडा आजही तेवढाच नवा आहे.

आता इमारतीकडे. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, वाचकांनी सोबत करावी.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात किमान गरजा दिल्या आहेत : प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांची खोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, ग्रंथालय, मैदान, कुंपण, आणि अपंग मुलांना अडथळ्याविना येता येईल असा प्रवेश. प्रस्ताव तयार करताना या सगळ्यांपुढे ‘आहे’ असे लिहून होते. मालवणच्या किनाऱ्यावर खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि ती पाऊस घेतो. सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या सत्रातच.

पत्र्याच्या छपराखाली भरलेला एखादा वर्ग जुलैमध्ये पाहावा. सर आली की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. त्या थोडा वेळ ओरडून पाहतात, मग फळ्यावर लिहून देतात आणि मुले खाली मान घालून उतरवून घेतात. सर ओसरली की बोलणे पुन्हा सुरू, तोवर तासिका संपत आलेली. पावसाळ्यातल्या अशा किती तासिका वाया जातात, हे कुठल्याही तपासणी अहवालात येत नाही, कारण तपासणी करणारे सहसा डिसेंबरात येतात. पत्रा स्वस्त पडतो हे खरे. पण त्याच्याखाली लाकडी किंवा तशीच आवाज अडवणारी दुसरी तक्तपोशी न घालता तो वापरला, तर शाळेचा एक तृतीयांश काळ आपण पावसाला देऊन टाकला, असे समजावे. मंगलोरी कौले आवाज झेलतात, हवा खेळती ठेवतात. मात्र दर पावसाळ्यापूर्वी ती परतावी लागतात, आणि माकडांच्या टोळीने उड्या मारून फोडली की पुन्हा भरावी लागतात. त्यासाठीचा खर्च आणि माणूस दोन्ही अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असायला हवेत. आमचा कल कौलांकडे आहे. ज्यांना ती देखभाल परवडणार नाही त्यांनी तक्तपोशीसह पत्रा घ्यावा, पण नुसता पत्रा नको.

भिंतीला जांभ्याचा चिरा इथल्यासारखा दुसरीकडे नाही. त्याला गिलावा नसला तरी चालते, उन्हाळ्यात खोली गार राहते, आणि गावातल्या गवंड्याला तो हाताळता येतो. सिमेंटच्या खांब-तुळयांचा मोह आवरावा असे नाही, पण समुद्राजवळ खारा वारा काँक्रीटमध्ये शिरतो, आतली सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. बांधकामात समुद्राची वाळू चालू देऊ नये, सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी करू देऊ नये, आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या, कड्या, गज यांसाठी न गंजणारा धातू घ्यावा. किनाऱ्यालगत बांधकाम करताना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. जमीन दान मिळाली या आनंदात भरतीरेषेपासूनचे अंतर पाहायचे राहून जाते आणि पाया खणल्यावर काम थांबते. जमीन स्वीकारण्याआधी हे पाहून घ्यावे.

सगळ्यात महत्त्वाची जागा आमच्या मते वर्गखोली नाही, पडवी आहे. रुंद, खोल, पागोळ्या अंगावर येणार नाहीत अशी पडवी. सकाळी मुले भिजून येतात. छत्र्या आणि रेनकोट टांगायला जागा, पाय धुवायला नळ, आणि ओले कपडे वाळतील अशी एक दोरी असली तर मूल पुढचे पाच तास कुडकुडत बसत नाही. पावसाळ्यात मैदान चार महिने बंद असते, तेव्हा परिपाठ, कवायत, लंगडी, सुतारकामाचा गट, सगळे पडवीत होऊ शकते. उन्हाळ्यात तिथेच वर्ग भरतो. आमच्या घरांना पडवी असते ती उगाच नसते, आणि शाळेच्या नकाशात तीच सर्वांत आधी कापली जाते, कारण क्षेत्रफळाच्या हिशेबात ती ‘वर्गखोली’ म्हणून धरली जात नाही.

स्वच्छतागृहाविषयी बोलताना अप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण केल्याविना पुढे जाता येत नाही. कणकवलीजवळ १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम वसवला, भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले आणि मैल्याचे खत करणारा साधा ‘गोपुरी संडास’ खेड्यांसाठी घडवला. महाराष्ट्र ज्यांना कोकणचे गांधी म्हणतो, त्या माणसाने संडासाची रचना हा सामाजिक आणि शैक्षणिक प्रश्न मानला. किनारपट्टीच्या शाळेला आजही तो तसाच मानावा लागतो. वाळूच्या पट्टीत भूजल अगदी वर असते. शोषखड्डा विहिरीजवळ खणला तर पिण्याचे पाणी बिघडते, आणि एप्रिल-मेमध्ये विहीर अशीही मचूळ होते. तेव्हा छपरावरच्या पावसाचे पाणी साठवणारी टाकी, विहीर आणि शोषखड्डा यांच्या जागा एकाच वेळी, एकाच नकाशावर ठरल्या पाहिजेत. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून नीट लागणारी कडी, आत पाणी आणि कपडा किंवा पॅड टाकायची सोय असावी. आठवी-नववीतल्या मुलींच्या गैरहजेरीची कारणे शोधताना लोक फार दूर जातात. बऱ्याचदा कारण त्या कडीशीच सापडते.

दोन लहान गोष्टी. दमट हवेत पुस्तकांना बुरशी येते आणि जमिनीलगत वाळवी लागते, म्हणून ग्रंथालय जोत्यापासून उंच, जाळीच्या कपाटांचे असावे. ऑक्टोबरच्या उन्हात सगळी पुस्तके बाहेर काढून वाळवणे हा मुलांचा वार्षिक उपक्रम करावा, त्या दिवशी एरवी न उघडलेली पुस्तके उघडली जातात. दुसरी गोष्ट वादळाची. नोव्हेंबर २००९ चे फयान आणि मे २०२१ चे तौक्ते या किनाऱ्याने सोसले आहे. अशा वेळी गाव शाळेत आसऱ्याला येते. एक तरी खोली पक्क्या छपराची, वीज गेली तरी चालणाऱ्या दिव्यांची आणि पाण्याच्या साठ्याजवळची हवी.

उपक्रमांचा विचार करताना इथल्या शाळेने ऋतूंकडून वेळापत्रक शिकावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. म्हणजे वर्षातले जे पहिले दीड महिने शाळेला पालकांची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच काळात मच्छीमार वडील घरी जाळी शिवत बसलेले असतात. पालकसभा, शाळा व्यवस्थापन समितीची निवड, घरभेटी तेव्हाच उरकाव्यात. नारळी पौर्णिमेनंतर बाप दर्यावर गेला की सभेला आईच येते, तीही मासळी विकून झाल्यावर. चाकरमानी गावात असतात गणपतीत, तेव्हा देणगीदारांची आणि माजी विद्यार्थ्यांची बैठक त्या सुट्टीतच घ्यावी. फेब्रुवारीपासून काजू-आंब्याचा हंगाम मोठ्या मुलांना घरी अडकवतो, आंगणेवाडीच्या जत्रेला सगळा तालुका लोटतो. कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवस शाळा चालायला हवी. हे दिवस कसे मांडायचे यात मात्र थोडी मोकळीक असते, आणि शहाणी शाळा ती वापरते.

समुद्राकाठच्या शाळेला प्रयोगशाळा विकत आणावी लागत नाही, एवढे म्हटले की लोक माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा होडी जाळे अर्धवर्तुळात टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभ्या माणसांच्या हाती येतात आणि सगळे मिळून ते ओढतात. जाळे वर आल्यावर मासळी निवडली जाते आणि मग वाटणी : होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक माणसाचा वाटा. सातवीच्या मुलांना वही घेऊन तिथे उभे केले तर गुणोत्तर-प्रमाण त्यांना नव्याने शिकवावे लागत नाही. ते त्यांच्या घरात आहे, फक्त कागदावर यायचे आहे. निवडलेल्या मासळीत तारली किती, पेडवे किती, बांगडा किती, लहान पिल्ले किती, याची नोंद वर्षभर ठेवली की विज्ञान सुरू होते. आणि वडीलधारे जेव्हा सांगतात की रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, तेव्हा पर्ससीन जाळी, ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादाचे नागरिकशास्त्र समोर येते. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवणचे सागरी अभयारण्य, त्याचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्याला स्थानिक मच्छीमारांनी केलेला विरोध, हा विषय वर्गात दोन्ही बाजूंनी मांडला गेला पाहिजे. शिक्षकाने त्यात निकाल देण्याची घाई करू नये.

या उपक्रमासाठी बांधकाम काय लागते? एक धुता येणारी ओटी, पाणी, तराजू, बाहेर जाताना मुलांसोबत दुसरा मोठा माणूस, आणि वेळापत्रकात सलग दोन तासिका. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचवले. किनाऱ्यावरच्या शाळेला हे दहा दिवस कमी पडतील. कांदळवन, वायंगणीच्या किनाऱ्यावरची कासवांची घरटी, वेंगुर्ल्याचे १९५७ पासूनचे फळ संशोधन केंद्र, पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीची लाकडी खेळणी, सगळे एसटीच्या पल्ल्यात आहे.

हाताच्या कामाची परंपरा महाराष्ट्रात १९३७ च्या वर्धा परिषदेपासून, म्हणजे नई तालीमपासून चालत आली आहे. तिला अलीकडचे सर्वांत अनुकरणीय रूप दिले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले लोहारकाम-सुतारकाम, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशा क्षेत्रांत गावाची खरी कामे करत शिकतात. मालवणात हीच कल्पना बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती, फायबरचे काम, कोकम आणि काजूची प्रक्रिया, पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवण्याचा हिशेब असे रूप घेऊ शकते. याला एक कार्यशाळा लागते, आणि कार्यशाळेला तीन फेजची वीज, पक्की फरशी आणि वर्गांपासून आवाजाचे अंतर. हे नंतर जोडू म्हटले की कधीच जोडले जात नाही.

भाषेविषयी थोडेच सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र ग्रंथ होईल. पहिलीत येणारे मूल घरून मालवणी घेऊन येते. त्या बोलीत ‘वस्त्रहरण’सारखे नाटक देशोदेशी गाजले, दशावतारात राजे आणि देव रात्रभर बोलतात, तीच बोली वर्गात मात्र चूक म्हणून खोडली जाते. पहिली दोन वर्षे गोष्टी, गप्पा आणि प्रश्न मालवणीत खुशाल होऊ द्यावेत, वाचन-लेखन प्रमाण मराठीत हळूहळू घट्ट करावे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनात आणि कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून सृजन आनंद विद्यालयात मातृभाषेतल्या प्रयोगशील शिक्षणाचे जे काम केले, ते नव्या शाळेच्या शिक्षकांनी आवर्जून पाहावे. इंग्रजी माध्यमाची मागणी पालकांकडून येणारच, आणि तिच्यामागची काळजी खरी असते. उत्तम इंग्रजी शिकवणारी मराठी शाळा हे तिचे उत्तर आहे, असे आम्ही मानतो.

राहिला पैसा आणि शिक्षक. इमारतीला देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची संगमरवरी पाटीही लागते. शिक्षकाच्या पगाराला देणगीदार मिळणे कठीण. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत पगार फीवर चालतो, फी पटावर चालते, आणि पट तर घटतो आहे. म्हणून निदान पहिल्या काही वर्षांच्या पगाराची तजवीज होत नाही तोवर पायाचा दगड बसवू नये. शिक्षण हक्क कायदा शिक्षकाच्या आठवड्याचे ४५ तास मोजतो ते पाठाच्या तयारीसह. तयारीसाठी टेबल, कपाट आणि उजेड असलेली खोली नसेल तर ते तास कागदावरच राहतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात हे बंधन विनाअनुदानित शाळेवर नाही. तरीही ते स्वतःहून पाळावे. मासळी विकणारी आई समितीत असेल तर सभेची वेळ आपोआप बदलते.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी सगळे एकदम वाचण्याची गरज नाही. पालकांनी पट आणि उपक्रमांपासून सुरुवात करावी, विश्वस्तांनी पैशापासून, वास्तुविशारदांनी पावसापासून. पण कुठूनही सुरुवात केली तरी एक करावे : आपल्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येत्या जुलैमध्ये, भर पावसात, एक पूर्ण दिवस बसून यावे. आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, मागच्या बाकावर बसावे, मुलांबरोबर खिचडी खावी, आणि जे दिसेल ते लिहून आणावे. नव्या शाळेच्या पहिल्या बैठकीत तोच कागद सर्वांत आधी वाचला जावा, अशी आमची विनंती आहे.